भोंगापुऱ्याचा हेडमास्तर

हिंगोलीच्या रेल्वे फाटकापासून कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या भिंतीपर्यंत जी वस्ती पसरली होती तिला भोंगापुरा म्हणत. जिनाचा भोंगा सकाळी सहाला व्हायचा आणि त्यावर वस्तीतल्या चुली पेटायच्या, पोरं उठायची, बाया डोक्याला फडकं गुंडाळून फाटकाकडे निघायच्या. मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत कापसाचा हंगाम. त्या दिवसांत वस्तीवर रुईचे तंतू तरंगत राहात. ते कुडांवर बसत, शिजत्या वरणात उतरत, निजलेल्या लेकरांच्या पापण्यांवर टेकत. परगावचा माणूस आला तर त्याला वाटे, इथे दिवसभर धुकं असतं.

जिवनबाई त्या धुक्यात नऊ हंगाम वावरली होती. कापसातला पानकचरा वेचायचा, वेचलेला कापूस यंत्राच्या तोंडाशी सारायचा, हे तिचं काम. पट्ट्यांची घरघर तिच्या कानात इतकी मुरली होती की घरी आल्यावरही ती थांबत नसे. समोरच्याचं बोलणं तिला पाण्याच्या तळातून आल्यासारखं ऐकू यायचं. म्हणून ती कमी बोलायची. वस्तीतल्या बाया म्हणत, जिवनबाई अर्धी झोपेत असते. तिलाही ते कबूल होतं. नवरा वारल्यापासून तिला पुरी झोप अशी लागलीच नव्हती. घरात ती आणि आठ वर्षांची रूपा, दोघीच.

अशा बाईवर हेडमास्तर निवडायची पाळी आली, ती कशी आली ते सांगायला हवं.

गावाबाहेर जुन्या छावणीचे पडके तबेले होते. पलटण जाऊन तीस-बत्तीस वर्षं झाली होती. त्यातला एक तबेला बरा होता. तातेराव वकिलांनी चार वर्षांपूर्वी निजाम सरकारच्या तालीम खात्याची, म्हणजे शिक्षण खात्याची, परवानगी आणून तिथे भोंगापुऱ्यातल्या पोरांसाठी शाळा काढली. घोड्यांच्या गव्हाणी काढून टाकल्या, भिंतींना चुना दिला. साठेक पोरं येऊ लागली, निम्मी मराठी बोलणारी, निम्मी दखनी उर्दू बोलणारी. दोन तरुण मास्तर आणि वर एक हेडमास्तर. आधीचे हेडमास्तर मोठे शिस्तीचे होते. त्यांच्याजवळ निरगुडीची छडी असे, आणि छडीनं भागलं नाही तर ते पोरांना अंगणात उन्हात उभं करत. एका दिवशी त्यांनी रूपाला डोक्यावर पाटी देऊन उभं केलं. पोर दुपारी चक्कर येऊन पडली आणि तिची हनुवटी फुटली.

दुसऱ्या दिवशी भोंगापुऱ्यातलं एकही पोर शाळेत गेलं नाही. कोणी ठरवलं नव्हतं, पण बायांनी आपापली पोरं घरी ठेवली. अकरा दिवस तबेला रिकामा राहिला. बाराव्या दिवशी हेडमास्तर सामान बांधून परभणीच्या गाडीत बसले. मग वकीलसाहेब स्वतः वस्तीत आले, बद्रुद्दीन मिस्त्रीच्या बाजेवर बसले आणि विचारलं, तुमचं म्हणणं काय आहे. बाया म्हणाल्या, आता मास्तर येईल तो आमी आधी पाहू. वकीलसाहेबांनी विचार करून मान्य केलं. तीन जणांची कमिटी करायची ठरली. एक ते, दुसरे बद्रुद्दीन मिस्त्री, जिनातली सगळी यंत्रं ज्यांच्या हाताखाली होती, आणि तिसरी वस्तीतली एक बाई.

कोण, यावर बायांची बरीच कुजबुज झाली. बोलण्यात तेज असलेल्या दोघी-तिघी होत्या, पण खुर्चीवर बसायचं म्हटल्यावर त्या मागे सरल्या. जिवनबाई तेव्हा घरात भिंतीला टेकून पेंगत होती. नाही म्हणायला ती तिथे नव्हतीच, म्हणून तिचं नाव ठरलं. मिस्त्रींची बायको जुलेखा तिला सांगायला आली तेव्हा जिवनबाईला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं आहे.

हे साल एकोणीसशे छत्तीस. माघ सरत आला होता. चैत्रात खात्याचा इन्स्पेक्टर येणार होता आणि तोवर हेडमास्तर नेमला नसता तर शाळेची परवानगी गेली असती. वकीलसाहेबांनी पत्रं टाकली. तीन अर्ज आले. तिघांनाही एकाच शुक्रवारी बोलावलं, कारण शुक्रवारी जीन बंद असे. प्रत्येकानं आधी तासभर वर्ग घ्यायचा, मग कमिटीसमोर बसायचं.

जिवनबाई धुतलेलं लुगडं नेसून गेली. तिला खुर्ची दिली. खुर्चीत बसल्यावर पायांचं काय करायचं ते तिला कळेना, म्हणून तिनं पाय वर घेतले आणि पदर पुढे ओढला. तबेल्याच्या झरोक्यांतून ऊन तिरकं येत होतं आणि त्यात रुईचे कण वर चढत होते. तिला ते सगळं फार लांबचं वाटत होतं.

पहिले गृहस्थ परभणीकडचे, फेटा बांधलेले, आवाज खणखणीत. त्यांनी पाढे घेतले. पोरं एका सुरात ओरडत होती. वकीलसाहेब मान डोलवत होते. जिवनबाईनं पाहिलं, पुढच्या रांगेतल्या पोरांनी पायाची बोटं आत वळवून घट्ट धरली होती. दुसरा मास्तर तरुण, हसरा. त्यानं एक गाणं शिकवलं. पण दखनी बोलणारी पोरं भिंतीकडे सरकली तरी त्याच्या ते ध्यानात आलं नाही. दोघांच्या मुलाखती झाल्या. वकीलसाहेबांनी विचारलं, त्यांनी उत्तरं दिली. ती उत्तरं जिवनबाईच्या कानापाशी येऊन विरून गेली.

दुपारी तिसरे आले. संतराम मास्तर, राहणार सेनगाव. चाळिशीतला किडकिडीत माणूस, काळी टोपी, कोटाच्या बाहीला रफू केलेलं. पोरं जेवून सुस्तावली होती. मास्तरांनी त्यांना उठून उभं राहायला सांगितलं नाही. ते स्वतःच खाली बसले आणि हळू आवाजात विचारलं, आपल्या गावाजवळून जाते त्या नदीचं नाव काय. कोणीतरी म्हणालं, कयाधू. मग ती येते कुठून? कोणाला ठाऊक नव्हतं. मास्तरांनी जमिनीवरची माती सारखी केली आणि बोटानं रेघ ओढली. ही वाशीमकडची टेकडी. इथे एक झरा आहे, चूळ भरण्याइतका. तो खाली उतरतो. त्याला दुसरा भेटतो. एका पोरानं दखनीत काही विचारलं, मास्तरांनी त्याला दखनीत सांगितलं, आणि रेघ पुढे नेली. ही हिंगोली. इथे तुमच्या आया धुणं धुतात. इथून ती खाली जाते आणि पैनगंगेत शिरते. पैनगंगा वर्धेत. वर्धा प्राणहितेत. प्राणहिता गोदावरीत.

पोरं पुढे सरकत होती. आवाज इतका हळू होता की मागच्यांना गुडघ्यांवर उभं राहावं लागलं. जिवनबाईलाही शब्द कळत नव्हते, फक्त त्यांचा वाहता सूर येत होता. तिला वाटलं, आपण त्या रेघेवरून चाललो आहोत. पाणी घोट्यापर्यंत आहे, मग पोटरीपर्यंत, मग पायाखाली जमीन लागेनाशी झाली, तरी भीती वाटत नाही. दोन्ही काठांवर कापूस फुटलेला आहे आणि तो वेचायला कोणी नाही. पुढे पाणी एवढं रुंद झालं की काठच दिसेनात, आणि कुठेच भोंगा वाजत नव्हता.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. तिची मान खुर्चीच्या पाठीवर पडली होती. पोरं पाट्यांवर नद्या काढत होती, आणि मास्तर एकेकाजवळ बसून कुजबुजल्यासारखे बोलत होते. त्यांनी तिला उठवलं नव्हतं. रूपा दारात होती. शाळेत पाऊल टाकणार नाही म्हणून ती सकाळपासून बाहेरच्या चिंचेखाली खेळत होती, ती आता उंबऱ्यावर बसली होती, आत नाही आणि बाहेरही नाही. वकीलसाहेब जिवनबाईकडे पाहून खाकरले. ती शरमून गेली. पण अंग कसं हलकं झालं होतं, वर्षानुवर्षांत असं झालं नव्हतं.

मुलाखतीत वकीलसाहेबांनी दाखले चाळले आणि विचारलं, "आठ महिने तुम्ही कुठंच नोकरीला नाही. असं का?"

"मी राजीनामा दिला," मास्तर म्हणाले.

"कारण?"

"पाढा चुकली म्हणून मी एका पोरीच्या थोबाडीत मारली. नऊ वर्षांची होती. तिचा डावा कान गेला. तो परत येणार नाही असं कळमनुरीच्या डॉक्टरांनी सांगितलं."

वकीलसाहेबांनी दाखला पुन्हा पाहिला. म्हणाले, यात तर असं काही लिहिलेलं नाही. मास्तर म्हणाले, गावानं तक्रार केली नाही, तिची आई एकटी बाई आहे, तिच्या बाजूनं बोलणारं कोणी नव्हतं. म्हणून तुम्हांला मीच सांगायला पाहिजे.

बद्रुद्दीन मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. जिवनबाई मास्तरांच्या उजव्या हाताकडे पाहात होती. तो गुडघ्यावर पडला होता, बोटांना खडूची आणि मातीची पूड लागलेली. या हातासमोर आपण निजलो. वस्तीतल्या साठ लेकरांवर नजर ठेवायला आपल्याला बसवलं, आणि आपण निजलो.

"कोणतं गाव?" तिनं विचारलं. त्या दिवसातला तिचा तो पहिला शब्द होता.

मास्तरांनी गावाचं नाव सांगितलं. कयाधू ओलांडून डोंगरकड्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं लहानसं खेडं. पोरीचं नाव मिरा, आईचं सखुबाई.

मास्तर गेल्यावर वकीलसाहेब म्हणाले की आता दोघांतूनच निवड करायची, फेट्यावाले आपल्याला पसंत आहेत, सोमवारी ठरवून टाकू. जिवनबाई म्हणाली, "सोमवारी मी सांगते. मला दोन दिस द्या." कशासाठी ते तिनं सांगितलं नाही, कारण तिचं तिलाच नीट उमगलं नव्हतं.

ते मिस्त्रींना उमगलं. शनिवारी पहाटे त्यांनी डोंगरकड्याच्या ग्यानबा गाडीवानाला तिच्या दाराशी आणून उभं केलं. ग्यानबा जिनात कापूस उतरवून रिकामी गाडी घेऊन परत निघाला होता. रूपाला जुलेखाकडे ठेवून जिवनबाई गाडीत बसली. तळाशी सरकी आणि रुईचे पुंजके उरले होते, त्यावर तिनं घोंगडी टाकली.

भोंगा झाला तेव्हा गाडी नदीच्या उताराला लागली होती. आवाज मागून आला, पाठीवर हात ठेवून निघून गेल्यासारखा. मग बैलांच्या घुंगरांशिवाय काही राहिलं नाही. नदीत पाणी थोडं होतं. चाकं वाळूत रुतत, सुटत पलीकडे गेली. पुढे करडईची शेतं पिवळी पडली होती आणि बांधाबांधावर पळस पेटला होता. ग्यानबा आपल्याच तंद्रीत होता. तो अधूनमधून काही सांगे, कोणाचं शेत, कोणाची विहीर, आणि उत्तराची वाट न पाहता गप्प होई.

दुपार झाली तशी जिवनबाईला एक गोष्ट जाणवली. कानातली घरघर कमी होत चालली होती. आधी ती दूर गेली, मग बारीक झाली, आणि कळमनुरी मागे पडल्यावर तर ती आहे की नाही हे ध्यान देऊन पाहावं लागलं. तिच्या जागी एकेक आवाज येऊन बसला. आसाचं कुरकुरणं. चंडोल. ग्यानबाच्या चिलमीतला दम. स्वतःचा श्वास. पोरीचा कान गेला म्हणजे तिचं काय काय गेलं असेल, याचा ती विचार करत राहिली. डोळे उघडे होते तरी वाट तिच्या अंगावरून स्वप्नासारखी सरकत होती. मधेच तिला वाटे आपण त्या पोरीला कडेवर घेऊन चाललो आहोत, आणि तिचं तोंड रूपासारखं आहे.

दिवस कलताना ती त्या खेड्यात उतरली. सखुबाई अंगणात करडई पाखडत होती. परकी बाई पाहून तिनं सूप खाली ठेवलं. जिवनबाईनं सगळं सांगितलं, कुठून आली, काहून आली, काहीही न लपवता. सखुबाईनं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि परत सूप हातात घेतलं.

मग ती हळूहळू बोलू लागली. मारलं तेव्हा पोरीच्या कानातून रगत आलं. मास्तरांनीच तिला खांद्यावर घेतली आणि कळमनुरीपर्यंत चालत नेली. तीन खेपा केल्या. मग गावातल्या पाटलांनी त्यांना सांगितलं, झालं ते झालं, कागदावर काही घालू नका, शाळा बंद पडंल. मास्तरांनी ऐकलं नाही, राजीनामा दिला. त्यानंतर दर पंधरवड्याला ते सेनगावाहून येतात. पोरीच्या उजव्या बाजूला बसून तिला वाचायला शिकवतात आणि जातात. घरात पाणीसुद्धा पीत नाहीत.

"म्हंजी तुमी त्याला माफ केलं," जिवनबाई म्हणाली.

"न्हाई." सखुबाईनं मान वर केली नाही. "करणार बी न्हाई. माझ्या लेकराचा कान हाय तो. पण तुमी इचारायला आल्या, हे बरं केलं. एवढ्या दिसांत कोणी आलं न्हाई."

"मग मी काय सांगू तिकडं?"

"ते तुमी पाहा बाई. शाळा तुमची, लेकरं तुमची. मी त्याला चांगला म्हणणार न्हाई, आन वाईट म्हणाया माझं मन होऊन न्हाई राहिलं."

मिरा शेरडांना घेऊन आली. उंच, सावळी पोर, बोलणाऱ्याकडे उजवा गाल करून उभी राहायची, एवढाच फरक. जिवनबाईला पाहायला तिनं पाटी आणली, तिच्यावर सुबक अक्षरात गावांची नावं लिहिली होती. मास्तर हिंगोलीला जाणार का, असं तिनं विचारलं. जिवनबाई म्हणाली, अजून ठरलं नाही. पोर थोडा वेळ पायानं माती उकरत राहिली.

"गेले तर त्यांना सांगा, मोठ्यानं बोलत जा म्हणावं," ती म्हणाली. "पहिले मोठ्यानं बोलायचे. आता लई हळू बोलतात. मला या कानानं ऐकू येते, पण त्यांचं बोलणंच ऐकू येत न्हाई."

ते ऐकून सखुबाईचं सूप थांबलं. बहुधा हे तीही पहिल्यांदाच ऐकत होती. मग तिनं उठून चूल पेटवली आणि पाहुणीसाठी भाकरी टाकली. जिवनबाई त्या रात्री मायलेकींच्या शेजारी निजली आणि रविवारी उजाडताच हिंगोलीकडे निघालेली गाडी तिला मिळाली.

सोमवारी संध्याकाळी कमिटी वकीलसाहेबांच्या बैठकीत बसली. वकीलसाहेबांनी फेट्यावाल्यांचं नाव कागदावर लिहूनच ठेवलं होतं. जिवनबाई या खेपेला खुर्चीवर बसली नाही, सतरंजीवर बसली.

"माझं मत सेनगावच्या मास्तरला," ती म्हणाली.

वकीलसाहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं आहे, एक पोर अधू केली आहे, उद्या इथे तसं झालं तर वस्तीला आपण काय तोंड दाखवू. तुमच्याच पोरीची हनुवटी फुटली होती ना, जिवनबाई.

"फुटली होती. म्हणून मी जाऊन आले. साहेब, त्या दोघांनी कुठं कोणाला मारलं ते आपल्याला ठावं न्हाई. मारलंच नसंल, असंबी असंल. यानं कोणाला मारलं ते मला ठावं हाय. तिचं नाव मिरा. मी तिच्या घरी भाकर खाल्ली." ती थांबली. एवढं ती एका दमात कधी बोलली नव्हती. "पण माझं अजून हाय. शाळेत छडी ठेवायची न्हाई. दार दिवसभर उघडं. आन वस्तीतली एक बाई रोज वर्गात बसंल, जिला त्या दिशी काम नसंल ती. त्याला हे कबूल असंल तर."

बद्रुद्दीन मिस्त्रींनी दाढीवरून हात फिरवला. "मेरा भी वही मत है, वकीलसाब," ते म्हणाले. "तीस बरस मशीनपर माणसं पाहिली मी. हात कापून घेतलेला माणूस पट्ट्याजवळ कसा उभा राहतो, ते मला मालूम आहे. पर बाई बसायची, ही शर्त बराबर है. ती सोडायची नाही."

दोन विरुद्ध एक झाले. वकीलसाहेब रागावले नाहीत. ते कायद्याचे माणूस होते. त्यांनी ठराव लिहिला, तिन्ही अटी लिहिल्या, आणि खाली आपला विरोधही स्वच्छ अक्षरात नोंदवून सही केली. मग संतराम मास्तरांना निरोप गेला.

मास्तर आले, अटी वाचल्या आणि लगेच मान्य केल्या. जिवनबाई त्या खेड्यात जाऊन आली हे त्यांना मिस्त्रींकडून कळलं. मग त्यांनी विचारलं, तिथे काय म्हणाले. जिवनबाईनं मिराचा निरोप जसाच्या तसा सांगितला. मास्तर खाली मान घालून ऐकत होते. "बरं," ते म्हणाले, आणि तेही इतकं हळू की तिला ओठांवरूनच समजून घ्यावं लागलं.

फाल्गुनाच्या पहिल्या आठवड्यात ते रुजू झाले. पहिले काही दिवस त्यांचा आवाज चढायचा आणि मधेच चिरकायचा, पोरं हसायची. पुढे तो बसला. वस्तीतल्या बाया पाळीपाळीनं वर्गात येत. कोणी लेकराला पाजत बसे, कोणी वाती वळे. आशाबाई नावाच्या एका म्हातारीला तर दोन महिन्यांत आपलं नाव लिहिता येऊ लागलं, आणि तिनं ते कोळशानं घराच्या दारावर, चुलीच्या भिंतीवर, सगळीकडे लिहून ठेवलं. चैत्रात इन्स्पेक्टर आले, त्यांनी पोरांना कयाधूचा उगम विचारला आणि परवानगी कायम केली. रूपा उंबऱ्यावर पंधरा दिवस बसली. मग एका दिवशी ऊन फार तापलं म्हणून आत सरकली. मास्तर दर पंधरवड्याला गुरुवारी शाळा सुटताच रातची गाडी पाहून डोंगरकड्याच्या वाटेला लागत, आणि शनिवारी शाळा भरायच्या आत परत येत.

तिसऱ्या वर्षी माघातच एक गोष्ट झाली. वर्गात दोन पोरांची जुंपली. एकानं दुसऱ्याच्या डोळ्यात चुना टाकला. मास्तर धावून गेले, त्यांनी चुना टाकणाऱ्या पोराला बखोटीला धरलं आणि हात वर केला. वर्गात त्या दिवशी जुलेखा बसली होती. ती उठून उभी राहिली. हात वरच राहिला, मग खाली आला. मास्तरांनी आधी दुसऱ्या पोराचे डोळे धुतले, त्याला दवाखान्यात पाठवलं, आणि शाळा धाकट्या मास्तरांवर सोपवून बाहेर पडले.

संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळी ते जिनाच्या फाटकाशी उभे होते. भोंगा झाला, बाया बाहेर पडू लागल्या. सगळ्यांच्या केसांवर, खांद्यांवर रुई बसलेली. त्या गर्दीत त्यांनी जिवनबाईला गाठलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं की आज आपण एका पोरावर हात उचलला. लागला नाही, पण उचलला होता. तुम्ही सांगाल तर उद्यापासून मी येणार नाही.

बाया थांबल्या. जुलेखानं घरी येऊन सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. मास्तरांनी तर स्वतःच येऊन सांगितलं होतं. ज्या पोरावर हात उचलला त्याची आई पुढेच होती. जिवनबाईनं तिच्याकडे पाहिलं. पोराच्या आईनं पदरानं तोंडावरची रुई पुसली आणि विचारलं, चुना कुणाच्या डोळ्यात गेला, तो पोरगा कसा आहे. मास्तर म्हणाले, डॉक्टरांनी पाहिलं, डोळा वाचला. मग तिनं होकाराची मान हलवली.

जिवनबाईच्या कानात तेव्हा घरघर भरलेली होती. मास्तर काय बोलले ते तिला तुटकच पोचलं होतं, पण ते काहून आले ते पुरतं कळलं होतं. सूर्य रुळांच्या पलीकडे गेला होता. हवेत तरंगणारे तंतू तांबूस दिसत होते आणि एकेक करून मास्तरांच्या काळ्या टोपीवर उतरत होते.

"उद्या मी येते वर्गात," ती म्हणाली. "वर्गात बसायची पाळी हौसाची हाय, तिला सांगते. चला मास्तर, अंधार पडून राहिला."

बाया चालू लागल्या. थोडं अंतर ठेवून मास्तरही त्यांच्या मागून वस्तीकडे निघाले.